एका रात्रीची वस्ती

२०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघे केरळात जायला निघालो. तिघेही मराठीचे अध्यापक, तिघेही यवतमाळ जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत शिकवणारे, तिघांचीही चाळिशी उलटलेली. नागपूरहून विमान, सायंकाळी सव्वासातला मुंबई, आणि तिथून पहाटे पावणेसहाला कोची, असा तिकिटांचा मेळ बसला होता. मधल्या साडेदहा तासांचे काय करायचे याचा विचार तिकिटे काढताना कुणीच केला नव्हता. स्वस्त तिकीट मिळाल्याच्या आनंदात असे विचार सुचत नाहीत.

तो विचार दुसऱ्यांनी केला. आमच्यापैकी एकीचा मामेभाऊ डोंबिवलीला असतो. त्याला कुणकुण लागताच त्याचा फोन आला. "ताई, विमानतळावर रात्र काढायची म्हणजे काय? आम्ही मेलो का इथे? गाडी करा नि सरळ घरी या. दोन घास खा, जरा पाठ टेका, दोनला परत निघा." त्याचा हिशेब सरळ होता. जाताना दीड तास, येताना तास-सव्वा तास, आणि मध्ये फार तर चार तासांची झोप. तीही 'उठायचे आहे' या धास्तीत. आम्ही नाही म्हटले. तो रागावला. "गाडीच्या पैशांचा प्रश्न असेल तर मी देतो," हे त्याने म्हटले नसते तर बरे झाले असते, कारण तिथे विषय पैशांवर आला आणि पुढचे बोलणेच खुंटले.

पैशांचा प्रश्न नव्हता असे आम्ही म्हणणार नाही. तो असतोच. पण गाडी न करण्यामागे आणखीही काही होते. ते त्या वेळी आम्हाला नीट सांगता आले नाही. या लेखात तेवढेच सांगायचे आहे.

आमच्याकडे 'गाडी करणे' हा शब्दप्रयोग फार वजनदार आहे. लग्नाला गाडी केली, पेशंटला नागपूरला न्यायला गाडी केली, साहित्य संमेलनाच्या पाहुण्यांसाठी गाडी केली. गाडी करणारा माणूस वाट पाहत नाही. त्याच्यासाठी वाट पाहणारा दुसरा एक माणूस, म्हणजे चालक, तो भाड्याने घेतो. विमानतळाबाहेर आलो तेव्हा अशाच एका चालकाने आम्हाला गाठले आणि रात्रीच्या रात्रीत मरीन ड्राइव्ह, हाजी अली, सिद्धिविनायक बाहेरून, गेटवे आणि पहाटे तीनला परत, असा बेत ऐकवला. त्याचे काही चुकले नाही. त्याचा तो धंदा आहे. पण विमानप्रवासाविषयी हल्ली जे काही सल्ले छापून येतात त्यांचाही सूर तोच असतो. हाती आलेला वेळ वाया जाऊ देऊ नका, गाडी घ्या, शहर 'करून' टाका. एका रात्रीचे रिकामपण माणसाला सहन होणार नाही, हे त्यात गृहीत धरलेले असते. आमचा आक्षेप या गृहीतावर आहे.

या रिकामपणाला विमानकंपन्यांच्या भाषेत 'लेओव्हर' म्हणतात. मराठीत त्याला शब्द नाही, असे आम्ही त्या संध्याकाळी एकमेकांना मोठ्या गांभीर्याने सांगत होतो. परिभाषा समितीच्या थाटात दोन-तीन शब्द पाडूनही झाले. ते इथे देण्याच्या लायकीचे नाहीत. मग आमच्यातल्या एकाला आठवण झाली ती मुक्कामी गाडीची.

ज्यांनी खेड्यात दिवस काढले आहेत त्यांना मुक्कामी गाडी सांगावी लागत नाही. तालुक्याहून शेवटची एसटी सूर्यास्तानंतर गावात यायची आणि रात्री तिथेच थांबून पहाटे परत जायची. चालक आणि वाहक गावातच झोपायचे. कधी गाडीतच, कधी मारुतीच्या पारावर, कधी शाळेच्या व्हरांड्यात. जेवणाचा डबा कुणाच्या तरी घरून यायचा, पहाटे चहा कुणीतरी करायचे. कुणी ठरवून दिलेले नव्हते. ते ठरलेले होते. आमच्यापैकी एकाचे बालपण आर्णी तालुक्यातल्या अशाच एका गावात गेले. त्याला आठवतात त्या रात्री गावात आलेल्या त्या दोन परक्या माणसांभोवती जमलेल्या गप्पा. कापसाचा भाव तालुक्याला काय निघाला, कुठल्या पुलावर पाणी आहे, ही बातमी त्यांच्याकडून कळायची. दोन पाळ्यांमधली एक रिकामी रात्र घालवण्यासाठी त्यांना कुठे जावे लागत नव्हते. गावच त्यांच्याकडे यायचे.

आणि त्याहून जुना शब्द तर आम्ही वर्गात दरवर्षी शिकवतो. महानुभावांच्या 'स्थानपोथी'त चक्रधरस्वामींच्या सहवासाने पवित्र झालेल्या जागांची नोंद आहे. स्वामी जिथे अधिक काळ राहिले ते 'अवस्थान', जिथे एक रात्र राहिले ती 'वसती', जिथे नुसते टेकले ते 'आसन'. चौदाव्या शतकात कुणा मराठी माणसाला एका रात्रीच्या मुक्कामाची नोंद स्वतंत्रपणे ठेवावीशी वाटली. नुसती नोंद नव्हे, तर गावाच्या कुठल्या दिशेला देऊळ, त्याचे दार कोणीकडे, बसण्याची जागा आत की बाहेर, हेही. परीक्षेच्या दृष्टीने आम्ही 'स्थानपोथी' हा 'लीळाचरित्रा'ला पूरक ग्रंथ म्हणून दोन वाक्यांत उरकतो. उरकू नये, असे आता वाटते. महाराष्ट्राचा भूगोल राजधान्या आणि किल्ले यांच्या आधारे अनेकांनी लिहिला. इथे तो एका रात्रीच्या वस्त्यांच्या आधारे लिहिलेला आहे.

यवतमाळच्या माणसाला या वस्तीचे अप्रूप वाटण्याचे कारण नाही. वाट पाहणे ही आमच्या जिल्ह्याची जुनी सवय आहे. मुंबई-हावडा लोहमार्ग आम्हाला वळसा घालून गेला. मुंबईची वा नागपूरची गाडी धरायची तर धामणगावला जायचे. कित्येक पिढ्यांनी धामणगावच्या फलाटावर वळकटीला टेकून रात्री काढल्या आहेत. यवतमाळात येणारी गाडी होती ती मूर्तिजापूरची 'शकुंतला'. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन कंपनीने वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेला लावण्यासाठी टाकलेल्या अरुंद रुळांवरची. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालत होती. नंतर डिझेल आले, आणि पुढे गाडीच थांबली. तिच्याविषयी हळवे होऊन बरेच लिहिले गेले आहे. त्यात भर घालण्याची आमची इच्छा नाही. एवढेच म्हणतो की ती माणसांसाठी टाकलेलीच नव्हती. माणसे तिच्यात बसली, हा तिच्या मालकांच्या दृष्टीने जोडधंदा होता. २०२४ च्या फेब्रुवारीत वर्ध्याहून कळंबपर्यंत नवी गाडी सुरू झाली. यवतमाळात धावपट्टी आहे, पण ठरल्या वेळी येणारे-जाणारे प्रवासी विमान नाही. विमान धरायचे तर दीडशे किलोमीटरवरचे नागपूर. आणि पहाटेचे विमान असेल तर आदल्या रात्रीच नागपूर. म्हणजे यवतमाळकराच्या विमानप्रवासाला एक रात्र जोडूनच येते.

याच नागपूरच्या विमानतळाला रात्रीच्या वाट पाहण्याचा मोठा इतिहास आहे, तो मात्र विदर्भातही फारसा कुणाला ठाऊक नसतो. १९४९ च्या जानेवारीत देशात रात्रीची विमानटपाल सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान उडायचे आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही नागपूरला सोनेगावच्या धावपट्टीवर उतरायची. टपालाच्या पिशव्या एकमेकांत बदलल्या जायच्या आणि पहाटेपर्यंत चारही विमाने आपापल्या गावी परत. त्यांत प्रवासीही असत. मद्रासहून दिल्लीला निघालेला माणूस नागपूरला मध्यरात्री उतरून दुसऱ्या विमानात बसे. सत्तरच्या दशकात ही सेवा बंद झाली. पण त्याआधीची दोन दशके देशाची चार टोके दररोज मध्यरात्री आमच्या या भागात येऊन काही वेळ टेकत होती, हे चित्र आम्हाला मोहवते. थंडीच्या दिवसांत त्या धावपट्टीजवळ उभ्या असलेल्या बंगाली, तमिळ, गुजराती प्रवाशांनी एकमेकांकडे कसे पाहिले असेल? कुणी चहा मागितला असेल तर कुठल्या भाषेत? त्या मध्यरात्रीवर मराठीत एखादी कथा असायला हवी होती. आमच्या वाचनात ती नाही.

असो. मुंबईकडे वळतो.

गाडी करायची नाही म्हणजे टर्मिनलच्या खुर्चीला चिकटून राहायचे, असे आमचे व्रत नव्हते. सामान पाठीवर मावेल एवढेच होते. विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलखाली भुयारी मेट्रोचे स्थानक आहे, आणि २०२५ च्या ऑक्टोबरपासून ती मेट्रो थेट कफ परेडपर्यंत जाऊ लागली आहे. आम्ही गिरगावचे तिकीट काढले. पाऊण तासाच्या आत गिरगावात वर आलो. कुठे जायचे, यावर तिघांचे एकमत व्हायला वेळ लागला नाही. मराठीच्या अध्यापकांची तीर्थक्षेत्रे ठरलेली असतात. केळेवाडीत मुंबई मराठी साहित्य संघाची वास्तू आहे, तिच्यासमोर जाऊन उभे राहिलो. संघाची स्थापना १९३५ ची. ज्या नावांवर आम्ही पीएच.डी.चे अर्ज भरले ती निम्मी नावे या दारातून आत-बाहेर केलेली. रात्रीची वेळ, आत जाण्याचा प्रश्नच नव्हता. समोरच्या चाळीच्या गॅलरीत दिवाळीचे आकाशकंदील अजून लटकत होते आणि एक आजोबा बनियनवर उभे राहून आमच्याकडे पाहत होते. त्यांनी विचारले, "कोण पाहिजे?" कुणीच नको होते. "सहज आलो," असे सांगितल्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. आम्ही वडापाव खाल्ला, चहा घेतला, ठाकूरद्वारापर्यंत चालत गेलो आणि शेवटच्या मेट्रोच्या आधीची मेट्रो धरून परत आलो. चालकाच्या बेतातली एकही जागा पाहिली नाही. तासभर गिरगावात होतो, त्याची 'मुंबई पाहिली' अशी नोंद कुणी करणार नाही. स्थानपोथीकाराने 'आसन' म्हणून केली असती.

मग उरली ती रात्र.

मुंबईचे दुसरे टर्मिनल २०१४ मध्ये सुरू झाले. मोराच्या पिसाऱ्यावरून सुचलेले त्याचे खांब आणि छत, 'जय हे' नावाने भिंतींवर मांडलेल्या देशभरच्या हजारो कलावस्तू, यांची वर्णने पुष्कळ झाली आहेत. ते सारे खरेच सुंदर आहे. पण रात्री अकरानंतर, उजेड तेवढाच आणि माणसे विरळ, अशा वेळी त्या सौंदर्याचा एक वेगळा अर्थ जाणवू लागतो. हे सारे चालता चालता पाहण्यासाठी आहे. थांबणाऱ्यासाठी जे आहे त्याला दर आहे. आरामकक्षाला दर, तासांवर मिळणाऱ्या खोलीला दर, गाडीला दर. फुकट आहे ती खुर्ची. आणि जगभरच्या विमानतळांवर आता सर्रास दिसते तशी तिला दोन्ही बाजूंना हात असतात. तिच्यावर बसता येते, आडवे होता येत नाही. आमच्या शेजारी दुबईहून आलेला एक कामगार होता, उत्तर प्रदेशातल्या गावी जाणारा. त्याने खुर्चीकडे क्षणभर पाहिले, चादर काढली आणि भिंतीच्या कडेला फरशीवर पसरली. तो या विद्येत आमच्यापेक्षा फार पुढे होता.

आम्ही तिघे सुशिक्षित लोक खुर्चीवरच बसलो. फरशीवर झोपायची लाज वाटत होती, हे कबूल करायला हवे. धामणगावच्या फलाटावर जी वाटली नसती ती इथे वाटली. या लाजेचे काय करायचे? विद्यार्थ्यांना आम्ही दलित-ग्रामीण आत्मकथने शिकवतो, विस्थापन, उपरेपण, परिघ असे शब्द फळ्यावर लिहितो, आणि चकाकणाऱ्या फरशीवर पाठ टेकायची वेळ आली की आजूबाजूला कोण पाहते आहे याचा अंदाज घेतो.

साडेबारा-एकच्या सुमारास फरशी पुसण्याचे यंत्र ढकलत एक बाई आल्या. आमचे बोलणे कानावर पडले असावे. "मराठीच हाव का? कुटलं गाव?" यवतमाळ म्हटल्यावर, "मी परभणीकडची," म्हणाल्या. मग आमच्यातल्या मॅडमना त्यांनी हाताने दाखवले, "तिकडं त्या खांबाच्या मागं बसा. इथं एसीचं वारं डायरेक अंगावर येतंय. तिकडं लाईट बी कमी हाय. खाली आडवं पडा बिनघोर, माझी पाळी सहापर्यंत हाय. कितीला उठवू?" आम्ही खांबामागे गेलो. खरोखरच तिथे वारे लागत नव्हते. तिघेही आडवे झालो, पिशव्या उशाला घेतल्या आणि, काय सांगावे, झोप लागली.

त्या बाईंना त्या प्रचंड इमारतीची स्थानपोथी तोंडपाठ होती. कुठे वारे लागते, कुठे उजेड कमी, कुठल्या नळाला पाणी कोमट येते, पहारा कुठून फिरतो. गाडी केली असती तर आमची-त्यांची गाठ पडली नसती, असे लिहिणे सोपे आहे आणि ते खरेही आहे. पण त्यात एक खोटही आहे. आमच्यासाठी ती रात्र सुट्टीतली होती, त्यांच्यासाठी पाळीतली. 'मुक्कामी गाडी'ची आठवण काढताना आम्ही गाव झालो नव्हतो, आम्ही पाहुणेच होतो. गाव त्या होत्या.

आता वाङ्मयाबद्दल थोडे. आमच्या वाचकांत अध्यापक आणि विद्यार्थी पुष्कळ, म्हणून हे इथे बोलण्याचे धाडस करतो. मराठी प्रवासवर्णनाने ही मधली रात्र टाकून दिली आहे. फार पूर्वी असे नव्हते. गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'मध्ये (१९०७ मध्ये तो छापला गेला) दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघालेला एक गरीब भिक्षुक १८५७ च्या बंडात सापडतो. त्याच्या लेखनात कुठे उतरलो, कुणी आसरा दिला, रात्र कशी काढली याला लढाईइतकेच महत्त्व आहे. त्याला तसे लिहिणे भागच होते, कारण आसरा मिळणे न मिळणे हा त्याच्या जगण्याचा प्रश्न होता. पुढे प्रवास हौसेचा झाला आणि प्रवासवर्णन ठिकाणांचे झाले. शहर, तिथली संग्रहालये, तिथली माणसे, आणि फार तर लेखकाची फजिती. मीना प्रभूंनी 'माझं लंडन'पासून एकेका शहराला आणि देशाला अख्खे पुस्तक दिले. ते कष्टाचे काम आहे आणि आम्ही ते आवडीने वाचतो. पण दोन ठिकाणांच्या मधल्या वेळेला पुस्तक नाही, प्रकरण नाही, बहुधा परिच्छेदही नाही.

अपवाद विनोदी लेखनात सापडतो. पु. ल. देशपांडे यांची 'म्हैस' आठवा. कोकणातून मुंबईकडे निघालेली एसटी एका म्हशीमुळे अडकते आणि कुणाला काहीच करता येत नाही, एवढेच तिचे कथानक. पण त्या अडकलेल्या वेळात गाडीतल्या सुट्या सुट्या माणसांचा एक समाज तयार होतो. त्यात पुढारी येतो, शेतकरी येतो, पोलीस येतो. गाडी वेळेवर पोचली असती तर यांतले कुणीच आपल्याला दिसले नसते. हा लेख हसण्यासाठी वाचला गेला हे ठीकच. वाट पाहण्याचे समाजशास्त्र म्हणूनही तो शिकवता येईल. विमानतळावर तसा समाज होत नाही, असे कुणी म्हणेल. आमचा अनुभव एका रात्रीचा आहे. पण चादर पसरणारा तो कामगार आणि परभणीकडच्या त्या बाई एवढे तरी आमच्या पदरात पडले.

या लेखाचा कच्चा खर्डा आमच्या एका सहकाऱ्याला दाखवला तेव्हा त्यांनी आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे की तुम्ही गैरसोयीचे उदात्तीकरण करता आहात. म्हातारे आईवडील बरोबर असते, तान्हे मूल असते, एकटी तरुण मुलगी असती, तर 'वस्ती' सुचली असती का? आक्षेप रास्त आहे. अशा वेळी गाडी करावी, खोली घ्यावी, डोंबिवलीला जावे; त्यात कमीपणा नाही. पण त्याच आक्षेपातून आमचा मुद्दा अधिक ठाम होतो. म्हातारे, तान्हे, एकटी मुलगी यांनाच थांबण्याची जागा सर्वांत जास्त हवी असते, आणि ज्याला गाडी परवडत नाही असा म्हातारा काय करतो?

तो काय करतो हे आम्ही पाहिले आहे. झरी-जामणी तालुक्यातली आमच्या महाविद्यालयाची एक विद्यार्थिनी गेल्या काही वर्षांत परदेशी शिकायला गेली. घरात विमानात बसणारी ती पहिलीच. वडील तिला सोडायला गेले. तो विमानतळ कोणता हे सांगत नाही, कारण नियम देशात बहुतेक ठिकाणी तोच आहे. तिकीट असेल तो आत. विमान पहाटेचे, बस रात्रीच पोचलेली. मुलगी आत गेली. वडील बाहेर राहिले. त्यांनी आमच्यापैकी एकाला फोन केला. तक्रार करायला नव्हे, विचारायला. "सर, विमान उडेपर्यंत इथं बाहेर थांबलं तर चालते ना? कोणी हाकलत तर नाही?" रात्रभर ते बाहेरच्या कठड्यावर बसून होते. पहाटे विमान उडाल्याचे त्यांना मुलीच्या निरोपावरून कळले, मग ते बसस्थानकावर गेले आणि तिथे बाकावर झोपले. बसस्थानकावर झोपायला त्यांना कुणाला विचारावे लागले नाही.

आमची पदवी ज्या विद्यापीठाची, ज्याच्याशी आमची महाविद्यालये संलग्न आहेत, त्या अमरावती विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे नाव आहे. गाडगेबाबांना आपण खराट्यासकट स्मरतो. स्वच्छता अभियानात त्यांचा फोटो लागतो. त्यांचे दुसरे मोठे काम धर्मशाळांचे. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, आणि मुंबईत रुग्णांच्या नातलगांसाठी. परगावी गेलेल्या गरीब माणसाची रात्र उघड्यावर जाऊ नये, यासाठी त्यांनी गावोगाव कीर्तने करून लोकांना द्यायला लावले. धर्मशाळेत थांबणाऱ्याला विचारला जाणारा प्रश्न एकच, कुठून आलात? काय विकत घेणार, हा नव्हे. शब्दात 'धर्म' असला तरी तिची गरज अगदी ऐहिक होती. रेल्वेचा प्रतीक्षागृह आणि एसटीचा बाक हे त्याच कल्पनेचे सरकारी रूप. विमानतळापर्यंत येताना ही कल्पना कुठेतरी गळून पडली. एवढ्या मोठ्या इमारतीत, दाराच्या बाहेर, तिकीट नसलेल्यांसाठी आणि आत, विमान दूर असलेल्यांसाठी, पन्नास माणसांना आडवे होता येईल असे एक दालन बांधणे कुणाला जड जाणार आहे? पाणी, शौचालय, हात नसलेले बाक. कलावस्तू नकोत. झरी-जामणीचा माणूस विमानतळावर जाऊ लागला आहे, आणि तो जात राहणार आहे.

आम्हाला पहाटे पावणेचारला जाग आली ती खांद्याला झालेल्या स्पर्शाने. बाई म्हणाल्या, "उठा सर, उठा मॅडम, झाली वेळ." पिशवीत घरून आणलेला दिवाळीचा फराळ होता, चकल्या प्रवासात मोडल्या होत्या, शंकरपाळे शाबूत होते. त्यांना दिले. त्यांनी ते पदराच्या गाठीत बांधले, पाळीत खायचे नसते म्हणाल्या, आणि यंत्र घेऊन पुढे गेल्या. नाव विचारायचे राहून गेले. भिंतीकडेचा कामगार केव्हाच निघून गेला होता. चादरीच्या जागी फरशी पुसून झाली होती.

सुरक्षा तपासणीच्या रांगेत असताना डोंबिवलीहून फोन आला. मामेभाऊ चारपासून जागा होता. "झोपलात का काही?" झोपलो म्हटल्यावर त्याला ते खोटे वाटले. तुमच्या वाटणीचा फराळाचा डबा तसाच ठेवला आहे, म्हणाला. मे महिन्यात धामणगावहून रेल्वेने येऊ आणि दोन दिवस राहू, असे त्याला सांगितले आहे. त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही.